दोन लांब शिट्ट्या

सदर व्यक्ती स्त्री असून वय चाळिशीच्या पुढे, उंची बेताची, बांधा काटक, दृष्टी चष्म्यासह समाधानकारक. व्यवसाय : कृत्रिम दंतपंक्ती तयार करणे. वैवाहिक स्थिती : आहे. अपत्य : एक, स्त्री. ओळखीची खूण : उजव्या अंगठ्याच्या नखाखाली प्लास्टर, धुतल्याने न जाणारे. स्काउट पथकात मुलींच्या तुकडीची प्रमुख म्हणून सलग सेवा. शिस्त उत्तम, आवाज मध्यम. शिबिर, तंबू व उघड्यावरील जीवन या विषयांतील जाणकार म्हणून वरिष्ठ कार्यालयाची मान्यता प्राप्त. सदर व्यक्तीविरुद्ध कोणाचीही तक्रार नाही. सदर व्यक्तीची स्वतःची एक तक्रार आहे, परंतु तिच्यासाठी रकाना नाही.

पथकातल्या मुली या व्यक्तीला समोरून 'ताई' आणि पाठीमागून 'कवळीताई' म्हणत. ताईंना हे ठाऊक होतं. दिवसभर परक्यांचे दात घडवणाऱ्या बाईला याहून वाईट नाव पडू शकलं असतं, असा विचार करून त्यांनी तिकडे कानाडोळा केला होता.

त्यांची कामाची जागा एका लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर. खालून वाफ यायची, वरून प्लास्टरची धूळ उतरायची, आणि दोघींची गाठ जिन्यात पडून तिथे एक पातळ चिखल कायमचा वस्तीला आला होता. खोलीत घासायचं चाक, मेण वितळवायचा दिवा, आणि भिंतीवरच्या खणांत छटांप्रमाणे लावलेले दात : पांढरे, त्याहून खरे वाटणारे पिवळट, आणि सिगारेट ओढणाऱ्यांसाठी मुद्दाम काळपट केलेले. गिऱ्हाईक कधी दिसत नसे. दिसायचा तो त्याच्या तोंडाचा साचा, काहीतरी सांगायच्या बेतात असल्यासारखा आ वासलेला. अशा तोंडांपुढे दिवस काढून ताई संध्याकाळी घरी यायच्या. घर दोन खोल्यांचं. खिडकी होती, पण उघडली की समोर गोदामाची भिंत. पाण्याचे मीटर वाचत गावभर हिंडणारा त्यांचा नवरा म्हणायचा की आपल्याला दोन खोल्या आणि तिसरीची एक बाजू मिळाली आहे, तेवढ्या भाड्यात कोण देतं.

पथकात ताई शिरल्या त्या लेकीपायी. शाळेच्या फाटकाशी पथकाचा फलक होता. त्यावर एक हिरवा तंबू, तंबूपुढे शेकोटी, वर चंद्र, आणि खाली ठळक अक्षरांत 'आमच्यात या'. लेक तेव्हा जेमतेम खांद्याला लागत होती. ती त्या फलकापुढे रोज रेंगाळायची, आणि एक दिवस जेवताना म्हणाली की मला तंबूत झोपायचंय. ताई म्हणाल्या, बघू. तोंडाने 'बघू' म्हणताना मनात मात्र त्यांनी त्या तंबूत दोन अंथरुणं घालून पाहिली. भिंतीऐवजी कापड, आणि कापडाच्या पलीकडे गोदाम नाही. ही कल्पना त्यांना इतकी आवडली की त्या रात्री त्यांनी भांडी घासताना नवऱ्याशी एकदाही वाद घातला नाही. नवऱ्याला वाटलं, तब्येत बरी नाही.

पथकाचे प्रमुख शिट्टीसर. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, पण निवृत्तीवर विश्वास नसलेले. शिट्टी गळ्यात, आणि बोलण्याचं बरंचसं काम तिच्याकडे सोपवलेलं. एक आखूड म्हणजे इकडे या, दोन आखूड म्हणजे रांग धरा, एक लांब म्हणजे सावधान, आणि दोन लांब म्हणजे तंबू उतरवा. घरी त्यांची बायको एकाही शिट्टीला ओ देत नसे असं मुली सांगायच्या. त्यामुळेच ते रविवारी मैदानावर वेळेआधी हजर असत.

लेकीला घेऊन ताई त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या तेव्हा सरांनी नियम सांगितला. मुलींना पथकात घेतो, कवायत शिकवतो, गाठी शिकवतो. पण शिबिराला न्यायचं तर सोबत बाईमाणूस प्रमुख हवी. ती नाही, म्हणून शिबिर नाही. फलकावरचा तंबू? तो फलक आहे, ताई.

"मी झाले तर?" ताईंनी विचारलं.

सरांनी त्यांच्याकडे नखशिखांत पाहिलं, अंगठ्यावर नजर थोडी थांबली, आणि त्यांनी एक आखूड शिट्टी वाजवली. हा होकार होता, हे ताईंना नंतर कळलं.

प्रशिक्षण एका सभागृहात झालं. डोक्यावर पंखे, पुढ्यात बाकं, आणि फळ्यावर खडूने काढलेला विस्तव. विस्तव कसा पेटवावा, वारा कुठून आला तर काय करावं, विझवल्यावर राख कशी तपासावी, हे सगळं ताईंनी उतरवून घेतलं आणि लेखी परीक्षेत पहिल्या आल्या. काडी मात्र कोणीच ओढली नाही, कारण सभागृहात विस्तवाला मनाई होती. जंगलात वाट चुकल्यास काय करावे, या प्रश्नालाही त्यांना पैकीच्या पैकी मिळाले. त्यांच्या माहितीतलं सर्वांत जवळचं जंगल म्हणजे लाँड्रीमागचं वाढलेलं गवत.

मग सुरू झाले रविवार, आणि ताईंना पथकाची खरी रीत कळली. पथकाकडे तंबू होते. चांगले जाड कापडाचे, हिरवे, फलकावरच्यासारखेच. ते शाळेच्या कोठारात घड्या घालून ठेवलेले असत आणि वर्षातून एकदा, तपासणीच्या दिवशी, मैदानावर उभे राहत. वरच्या कार्यालयातून तपासनीस साहेब येत. मुली तंबू उभारत, सावधान होत, साहेब एक फेरी मारून एखादा तणावा, म्हणजे तंबूचा ताणलेला दोर, बोटाने वाजवून बघत, मान हलवत. त्या हललेल्या मानेवर सर दोन लांब शिट्ट्या देत. लगेच खुंट्या उपटल्या जात, दोर गुंडाळले जात, घड्या पडत, आणि सगळं टेम्पोत चढून कोठाराकडे रवाना. किती पटकन उतरवले, यावर गुण. या पथकाइतके झटपट तंबू कोणी उतरवत नसे आणि त्याची ढाल सरांच्या बैठकीत टांगलेली होती. वर्षभर प्रत्येक रविवारी याचीच तालीम. उभारा, उतरवा. उभारा, उतरवा.

तंबूच्या आत कोणी जायचं नाही. कापड मळतं.

"पण सर, आत झोपायचं कधी?" ताईंनी पहिल्याच वर्षी विचारलं होतं.

सरांनी शिट्टी तोंडातून काढली. म्हणजे मुद्दा महत्त्वाचा होता. "तंबू झोपण्यासाठी नसतो, ताई. झोपायला घर असतं. तंबू लावण्यासाठी असतो."

शिबिर मात्र दरवर्षी ठरत होतं. एका वर्षी एक बाई पुरत नाही, दोन हव्यात असं निघालं. ताईंनी लाँड्रीतल्या इस्त्रीवालीला गळ घातली, तर पालकांची संमती अपुरी ठरली. संमती गोळा झाली तेव्हा तंबू प्रदर्शनाला गेले. प्रदर्शनातून आले तेव्हा ते मळले होते, आणि मळलेले तंबू बाहेर काढणं पथकाला शोभत नव्हतं. ताई दात-ओठ खात परत येत आणि सोमवारी चाकावर एखाद्या निरपराध माणसाची दाढ गरजेपेक्षा जास्त घासत. मालक म्हणायचे, ताई, रविवारी सुट्टी घेत चला. ताई म्हणायच्या, रविवारी सुट्टीच असते. "मग ती बंद करा," मालक म्हणायचे.

या भानगडीत लेक पथकातून निघून गेली. त्याला कारण ताईच. तालमीत लेकीने बांधलेली गाठ ताईंनी सगळ्यांदेखत सोडली आणि पुन्हा बांधून दाखवली. चुकली नव्हती, थोडी सैल होती. पण कवळी सैल झाली तर माणूस चारचौघांत फजीत होतो, हा ताईंचा धंदा. सैल काही दिसलं की त्यांचा हात आपोआप जायचा. लेकीने तालीम पुरी केली. घरी येऊन स्कार्फची नीट घडी करून तिने टेबलावर ठेवली.

"घरी आई, मैदानावरही आई," ती म्हणाली. "मला एक तरी जागा ठेवायची होतीस."

ताईंनाही सोडायचं होतं. पण त्या सुटल्या तर नियमाप्रमाणे मुलींची तुकडीच शिबिराला मुकणार. जे शिबिर होत नाही त्याला मुकणं म्हणजे काय, हा प्रश्न त्यांनी सरांना विचारला आणि उत्तरादाखल त्यांना मुलींची केविलवाणी तोंडं दाखवण्यात आली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. नवऱ्याने हिशेब एका वाक्यात मिटवला. म्हणाला, "उंदरासाठी पिंजरा लावला. उंदीर गेला निघून, आणि लावणारीच आत."

अशीच वर्षं सरली. लेक उंच झाली, दार लावून अभ्यास करू लागली, 'हो', 'नाही' आणि 'माहीत नाही' एवढ्यावर घरचा व्यवहार भागवू लागली. तिला दूरच्या शहरात शिकायला प्रवेश मिळाला. वसतिगृह ठरलं. ताईंच्या लक्षात आलं की ही आता पाहुणी म्हणूनच येणार, आणि फलकावरचा तंबू अजून फलकावरच आहे. जायच्या आधी एक रात्र, एवढंच त्यांना हवं होतं. त्यात काही बोलायचं होतं असं नाही. कापडाखाली शेजारी-शेजारी पडून राहिलं असतं तरी चाललं असतं.

म्हणून त्या वर्षीच्या तपासणीत त्यांनी डाव टाकला. साहेबांनी तणावा वाजवला, मान हलवली. सर शिट्टी ओठाला लावणार तोच ताई एक पाऊल पुढे आल्या आणि मोठ्याने म्हणाल्या की साहेब, येत्या महिन्यात आमचं मुक्कामाचं शिबिर आहे, आपण पाहणीला यावं अशी सरांची फार इच्छा आहे.

सरांची इच्छा सरांना तिथेच पहिल्यांदा कळली. पण साहेब "वा, वा, जरूर येतो" म्हणाले, आणि वरिष्ठांनी एकदा जरूर म्हटलं की शिबिर रद्द करणं सरांच्या रक्तात नव्हतं. परतताना ते ताईंच्या दहा पावलं पुढे चालत राहिले. ताईंना इतकं हलकं बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते कशाला, हे कळायला अजून महिना होता.

लेकीला त्यांनी विचारलं नाही. नुसत्या दोन सतरंज्या झटकून गुंडाळल्या.

"दोन कशाला?" लेकीने दारातून विचारलं.

"एक माझी. एक असू दे."

लेकीने दुसरी सतरंजी उचलून पाहिली. "येते. पण तू मला काही शिकवायचं नाही."

"नाही."

"गाठसुद्धा नाही."

"सैल असली तरी नाही," ताई म्हणाल्या, आणि हे बोलताना त्यांना खरोखर कष्ट पडले.

शिबिराची जागा पाण्याच्या टाकीपलीकडचं माळरान. टेम्पो नेहमीचाच, ड्रायव्हरही नेहमीचा. दर तपासणीला तंबू आणायचे आणि उतरवून चढवले की कोठारात टाकायचे, हे काम तो डोळे मिटून करायचा, आणि बराचसा वेळ तसंच करायचा. या वेळी त्याने साहेब येऊन जाईपर्यंत थांबायचं आणि मग रिकामा टेम्पो घेऊन जायचं, असं सरांनी ठरवलं होतं. ड्रायव्हरला ते सांगितलं होतं की नाही, यावर पुढे दोन मतं पडली.

दुपारी तंबू उभे राहिले. या मुलींना तंबू उभारायला काय लागतं. ताईंचा आणि लेकीचा तंबू टोकाला. लेकीचा सराव सुटलेला. तिने एक गाठ मारली, ती सैल होती, आणि ताईंनी दोन्ही हात पाठीमागे धरून टाकीकडे बघत उभं राहून वेळ मारून नेली. मग लेक चपला बाहेर काढून, सगळ्या पथकाच्या डोळ्यांदेखत, आत शिरली. एक मुलगी चक्क दचकली. आजवर कोणी आत गेलेलं तिने पाहिलं नव्हतं.

आतून आवाज आला. "आई, आत सगळं हिरवं दिसतं गं. माझा हातसुद्धा."

कित्येक महिन्यांत लेकीने न विचारता सांगितलेली ही पहिली गोष्ट. ताईंनी उजवा बूट काढला. डाव्याची नाडी ओढली, आणि माळावर जीपचा हॉर्न वाजला.

तपासनीस साहेब ठरल्या वेळेआधी आले होते. सरांनी एक लांब शिट्टी दिली. मुली सावधान. लेक घाईने बाहेर येऊन तंबूच्या खांबाशी उभी राहिली. ताई एका पायात बूट आणि एका पायात मोजा अशा सलामीत. साहेबांनी फेरी मारली. सरपणाची रचना पाहिली, भाजायला आणलेल्या बटाट्यांची पोती पाहिली, ताईंच्या मोज्याकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं. शेवटच्या तंबूपाशी थांबून त्यांनी एक तणावा बोटाने वाजवला.

आणि मान हलवली.

सरांच्या तोंडून दोन लांब शिट्ट्या गेल्या. त्यांनी त्या वाजवल्या असं म्हणणं बरोबर होणार नाही. शिंक जशी जाते तशा त्या गेल्या. वर्षानुवर्षं त्या मानेमागून त्याच शिट्ट्या आल्या होत्या, मधे विचाराला जागाच नव्हती. मुलींकडेही नव्हती. शिट्टी हवेत आहे तोवर पहिली खुंटी उपटली गेली. दोर सुटले, कापडं धपाधप बसली, घड्या पडल्या, बोजे बांधले गेले. त्या दिवशी पथकाने जे करून दाखवलं तसं तपासणीच्या मैदानावरही कधी जमलं नव्हतं. साहेबांनी घड्याळ काढलं, आणि शेवटचा बोजा टेम्पोत पडताच त्यांनी टाळ्या वाजवल्या. ड्रायव्हरने टाळ्या ऐकल्या, ताडपत्री ओढली, टेम्पो चालू केला आणि तो नेहमीप्रमाणे कोठाराच्या दिशेने निघून गेला. साहेबही खूश होऊन जीपमध्ये बसले.

माळावर एकच खांब उभा राहिला होता, कारण तो लेकीने धरला होता. सगळ्या पथकात हललेली नव्हती ती एकटीच. ती खांबाकडे बघत नव्हती. ती ताईंच्या हातांकडे बघत होती.

ताईंनीही खाली पाहिलं. त्यांच्या हातात खुंट्या होत्या. त्यांच्याच तंबूच्या, मातीसकट, आणि त्यांनी त्या उपटलेल्या होत्या. कधी, ते त्यांना आठवेना.

शिट्टी अजून सरांच्या ओठांत होती. ती त्यांनी हळूच काढली. "सवयीने," ते म्हणाले. कोणाला म्हणाले ते कळलं नाही.

पुढचं सगळं समजूतदारपणे झालं, आणि तेच ताईंना जास्त झोंबलं. सरांनी ड्रायव्हरला फोन लावला. तो म्हणाला, मी कोठारात उतरवून पुढच्या भाड्याला लागलो, मालकाने खुर्च्या न्यायला सांगितल्यात. कोठाराची किल्ली शाळेच्या शिपायाकडे, शिपाई सासुरवाडीला. ताई म्हणाल्या की उघड्यावर झोपू, सतरंज्या आहेत, आभाळ स्वच्छ आहे. सर म्हणाले, पालकांची संमती तंबूतल्या मुक्कामाला आहे, आभाळाखालच्या नाही. इस्त्रीवाली म्हणाली, निदान बटाटे तरी भाजू. सर म्हणाले, मुक्काम नाही तर शेकोटी कशाची? लेखी परीक्षेत विस्तवात पहिल्या आलेल्या ताईंच्या खिशात नवी कोरी काड्यापेटी होती. ती तशीच राहिली.

संध्याकाळच्या बसने सगळे परतले. ताईंच्या मांडीवर दोन सतरंज्या, लेकीच्या मांडीवर तंबूचा खांब, कारण तो ठेवायला जागा नव्हती. कंडक्टरने खांबाचं तिकीट लागेल का यावर थोडा विचार केला आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघून नाद सोडला.

टाकी मागे पडल्यावर लेक म्हणाली, "तूपण काढल्यास."

"हो."

"मी आतून सांगत होते तुला, हिरवं दिसतं म्हणून. आणि तूच काढल्यास."

ताईंना सांगायचं होतं की तो हात माझा नव्हता, तो पथकाचा होता. पण हे लेकीला आधीपासूनच माहीत होतं, तालमीत तिची गाठ सोडणारा हातही तोच होता. म्हणून त्या म्हणाल्या, "पुढच्या सुट्टीत आलीस की..." आणि मांडीवरच्या सतरंज्या पुन्हा घट्ट गुंडाळल्या. लेकीने खांब दुसऱ्या हातात घेतला आणि खिडकीबाहेर बघितलं. तिचा खांदा ताईंच्या खांद्याला टेकलेला होता, पण बस भरलेली होती, तेव्हा त्यावरून काही ठरवता येत नाही.

घरी नवऱ्याने दार उघडलं, सतरंज्या पाहिल्या, घड्याळ पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा एकही विनोद केला नाही. ताईंना त्याचाही राग आला.

पुढच्या आठवड्यात लेक वसतिगृहात गेली. रविवारी ताई मैदानावर पोचल्या त्या सोडायचंच ठरवून. पण त्या तोंड उघडण्याआधी सरांनी त्यांना बाजूला घेऊन गंभीरपणे सांगितलं की कोठारातल्या खुंट्या कमी भरताहेत, आणि एक खांबही दिसत नाही. ताईंनी पिशवीतून खुंट्या काढून दिल्या. खांब घरी होता, तो दुपारी आणून दिला. या देवाणघेवाणीत राजीनाम्याची वेळ निघून गेली. मुली रांगेत उभ्या होत्या, सरांनी शिट्टी दिली, आणि ताईंचे पाय त्यांना न विचारता जागेवर जाऊन उभे राहिले.

साहेबांचा अहवाल अत्यंत अनुकूल आला. प्रत्यक्ष शिबिरस्थळी इतक्या चपळाईने तंबू उतरवणारं पथक आपल्या कारकिर्दीत पाहिलं नाही, असं त्यांनी कळवलं. सरांच्या बैठकीत दुसरी ढाल लागली. वरच्या कार्यालयाने ताईंची नेमणूक नव्या प्रमुखांना शिकवण्यासाठी केली. आता त्या त्याच सभागृहात, त्याच पंख्यांखाली, 'तंबूतील मुक्काम : नियोजन व अनुभव' हा विषय घेतात. सर्व शंकांचं निरसन करतात. प्रमाणपत्रात त्यांचा उल्लेख 'शिबिरजीवनाचा प्रदीर्घ व प्रत्यक्ष अनुभव असलेल्या मार्गदर्शिका' असा आहे.

ताई आजवर तंबूच्या आत गेलेल्या नाहीत.